दगड इथला, तेल तिथले

रॉकेल हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की तो परका आहे याची आठवणही कोणाला राहिलेली नाही. मूळ शब्द ‘रॉक ऑइल’, म्हणजे दगडाचे तेल. पेट्रोलियम या शब्दाचा अर्थही तोच; पेट्रा म्हणजे खडक आणि ओलियम म्हणजे तेल. आता हा अर्थ शब्दशः घ्यायचा म्हटले, तर दगडाचे तेल सगळ्यात जास्त बीड जिल्ह्यात निघायला हवे. दगडाला इथे काय तोटा? आष्टी-पाटोद्याच्या माळावर कुठेही विहीर खणायला घ्या. वर हात-दोन हात माती, मग मुरूम, आणि त्याखाली जो काळा कातळ लागतो तो सुरुंगाशिवाय हलत नाही. बालाघाटच्या रांगा त्याच दगडाच्या, धारूरचा किल्लाही त्याच दगडाचा.

या दगडातून तेलाचा थेंब निघालेला नाही आणि निघण्याची चिन्हेही नाहीत. जिल्ह्यात जळणारे पेट्रोल, डिझेल, रॉकेल, टाकीतला गॅस आणि रस्त्यावर ओतले जाणारे डांबर हे सगळे बाहेरून टँकरने, ट्रकने, पिंपांतून येते. असे का, याचे उत्तर थोडे भूगर्भात आहे आणि थोडे या पदार्थांच्या स्वभावात. पदार्थांचा स्वभाव आधी पाहू, कारण बीडच्या माणसाच्या चुलीशी त्याचा संबंध अधिक जवळचा आहे.

या सगळ्या पदार्थांचे कुळाचे नाव हायड्रोकार्बन. नाव भारदस्त आहे, वस्तू साधी आहे. कार्बन आणि हायड्रोजन या दोनच मूलद्रव्यांचे अणू एकमेकांना जोडून जे रेणू तयार होतात, ते हायड्रोकार्बन. तिसऱ्या कोणाला तिथे प्रवेश नाही. साखरेत कार्बन आहे, हायड्रोजन आहे, पण ऑक्सिजनही आहे; म्हणून साखर या कुळात बसत नाही. शेंगदाण्याच्या तेलातही ऑक्सिजन आहे. करडईचे तेल आणि रॉकेल या दोन्हींना आपण तेलच म्हणत असलो, तरी रसायनशास्त्राच्या हिशेबात ही दोन वेगळी गोत्रे. परळीच्या औष्णिक वीज केंद्रातला दगडी कोळसाही काटेकोरपणे पाहिला तर हायड्रोकार्बन नव्हे. तो कार्बनाचाच मुख्यतः, पण गंधक, ऑक्सिजन, नायट्रोजन आणि राख अशा अनेकांची भेसळ असलेला खडक.

उलट जिथे आपल्याला शंकाही येणार नाही तिथे हे कुळ घर करून बसलेले असते. संत्र्याची किंवा मोसंबीची साल दिव्याच्या ज्योतीजवळ दाबली की बारीक तुषार उडून चुरचुरत पेटतात. लहान मुलांचा हा आवडता खेळ. ते तुषार म्हणजे लिमोनिन नावाचे हायड्रोकार्बन. टोमॅटोचा लाल रंग आणि गाजराचा केशरी रंग देणारी द्रव्येही हायड्रोकार्बनेच. चाळीस कार्बन आणि छप्पन्न हायड्रोजन एवढीच त्यांची सामग्री, फक्त मांडणी वेगळी. तेव्हा हायड्रोकार्बन म्हणजे अरबस्तानातले काळे तेल एवढीच समजूत असेल तर ती थोडी सैल केलेली बरी.

आता घरातलीच उदाहरणे घ्या. गोबरगॅसमधला जळणारा भाग मिथेन, तो वायू. टाकीतला स्वयंपाकाचा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. टाकीत द्रव, शेगडीत वायू. पेट्रोल, रॉकेल, डिझेल हे द्रव. मेणबत्तीचे मेण घन. व्हॅसलीन ना धड घन ना द्रव. आणि डांबर, जे पौषात दगडासारखे असते आणि वैशाखात चपलेला चिकटते. हे सगळे एकाच कुळातले असूनही एकाने हवेत उडून जावे आणि दुसऱ्याने रस्त्यावर पडून राहावे, हे कसे?

याचे पहिले उत्तर लांबीत आहे. सगळ्यात लहान रेणू मिथेनचा: एक कार्बन आणि त्याला चिकटलेले चार हायड्रोजन. त्यात एकेक कार्बन वाढवत गेले की इथेन, प्रोपेन, ब्युटेन, पेंटेन अशी साखळी लांबत जाते. लहान रेणू एकमेकांना फारसे धरून ठेवत नाहीत. थोडी ऊब मिळाली की सुटे होऊन उडतात. लांब साखळ्या एकमेकींत गुंततात आणि त्यांना सोडवायला जास्त उष्णता लागते. मिथेन उणे १६१ अंश सेल्सिअसलाच उकळतो. प्रोपेन उणे ४२ अंशांना, ब्युटेन शून्याच्या किंचित खाली, पेंटेन ३६ अंशांना. पुढे द्रवांची रांग लागते. आणखी पुढे मेणे येतात.

शाळेच्या पुस्तकात याचे एक सुटसुटीत कोष्टक असते: एक ते चार कार्बन असलेले वायू, पाच ते सतरावाले द्रव, अठरा आणि त्यापुढचे घन. परीक्षेपुरते ते ठीक आहे. पण ते कोष्टक वीस-पंचवीस अंशांच्या कुठल्या तरी सुखद खोलीत बसून केलेले आहे. बीडमध्ये वर्षभर तशी खोली मिळत नाही. इथे जानेवारीतल्या पहाटे पारा बारा अंशांपर्यंत उतरतो आणि मे महिन्यात दुपारी सावलीत बेचाळिसाला टेकतो. त्या बारा अंशांच्या पहाटे सोळा कार्बनांची सरळ साखळीसुद्धा गोठून घन झालेली असते, कारण ती अठरा अंशांना वितळते. मे महिन्याच्या दुपारी मात्र एकवीस कार्बनांची साखळीही वितळून जाते. म्हणजे सोळापासून एकविसापर्यंतची सहा भावंडे अशी आहेत की थंडीत ती घन आणि उन्हाळ्यात द्रव. खोबरेल तेलाची बाटली हिवाळ्यात गोठते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. तिकडे पेंटेन, जो पुस्तकात द्रव आहे, तो मे महिन्यात बीडला उघड्या भांड्यात ठेवला तर उकळून जाईल. पदार्थाची अवस्था ही त्याच्या जन्मपत्रिकेत लिहिलेली नसते. कुठे, किती उष्णतेत आणि किती दाबाखाली तो आहे, यावर ती ठरते.

लांबीइतकेच महत्त्व आकाराला आहे. पाच कार्बन आणि बारा हायड्रोजन एवढेच सामान घेऊन तीन वेगळे रेणू बांधता येतात. सरळ साखळीचा ३६ अंशांना उकळतो, एक फांदी फुटलेला २८ अंशांच्या आसपास आणि मधोमध गोळा झालेला साडेनऊ अंशांना. सामान तेच, घर वेगळे. याशिवाय साखळीची दोन टोके जोडून कडे करता येते, ते नॅफ्थीन. सहा कार्बनांचे विशिष्ट प्रकारचे कडे म्हणजे बेंझीन, आणि त्याच्या गोतावळ्याला अरोमॅटिक म्हणतात. कपाटात ठेवायची डांबराची गोळी ही अशीच दोन कड्यांची. नॅफ्थलीन हे तिचे खरे नाव. ती वितळत नाही, ओघळत नाही, नुसती झिजत जाते आणि वास मागे ठेवते. घनाचा थेट वायू होण्याचे इतके घरगुती उदाहरण दुसरे नाही. आणि तिला डांबराची गोळी म्हणणारी मराठी चुकलेली नाही, कारण नॅफ्थलीन पहिल्यांदा मिळाले ते दगडी कोळशाच्या डांबरातूनच. रस्त्यावरचे आजचे डांबर मात्र कोळशाचे नव्हे. खनिज तेल गाळून सगळे हलके भाग निघून गेल्यावर तळाशी जो जड गाळ उरतो, ते हे डांबर. दोन्हींना एकच शब्द वापरून आपण गोंधळ करून ठेवला आहे.

निसर्गात हे पदार्थ असे वेगवेगळ्या डब्यांत भरलेले सापडत नाहीत. खनिज तेल म्हणजे या सगळ्यांची शेकडो प्रकारची खिचडी. कुठे तेल पाण्यासारखे पातळ, कुठे मधासारखे दाट. त्रिनिदाद बेटावर तर शंभरेक एकरांचा एक तलावच डांबराचा आहे. त्यातले हलके घटक उडून गेले आणि जड तेवढे मागे राहिले. समुद्राच्या तळाशी, थंडी आणि दाब दोन्ही भरपूर असतात तिथे, मिथेन पाण्याच्या बर्फाच्या पिंजऱ्यात अडकून घन होऊन बसतो. दिसायला बर्फ, पण काडी लावली तर जळतो. एका घनमीटरमध्ये दीडशेहून अधिक घनमीटर वायू कोंडलेला असतो. आपल्याकडे कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रात २००६ मध्ये असे थर सापडले. गेवराई आणि माजलगाव तालुक्यांना लागून वाहणारी गोदावरी जिथे समुद्राला मिळते, त्याच्या पुढे खोल पाण्यात हा जळता बर्फ आहे. तो काढायचा कसा आणि परवडेल कसा, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

आता त्या काळ्या दगडाकडे वळू. तेल तयार व्हायला आधी गाळ लागतो. समुद्राच्या किंवा सरोवराच्या तळाशी सूक्ष्म जीवांचे अवशेष चिखलात गाडले जावे लागतात. त्यावर थरांवर थर साचून ते दोन-चार किलोमीटर खोल जावे लागतात. तिथली उष्णता साठपासून एकशेवीस-तीस अंशांपर्यंत असली की लाखो वर्षांत त्यातून तेल सुटते. याहून तापले तर तेल मोडून नुसता वायू उरतो. मग ते तेल वर सरकत एखाद्या सच्छिद्र खडकात मुरते, आणि वर पक्के झाकण असेल तरच तिथे टिकते. मेदात शिजवलेल्या पदार्थासारखेच हे आहे: सामग्री हवी, आच मंद हवी, झाकण घट्ट हवे आणि वेळ हवा.

आपला बेसॉल्ट हा गाळाचा खडक नव्हेच. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून उसळलेल्या लाव्हाचा. आज जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे. हजार-बाराशे अंशांच्या त्या रसात जीव कुठले आणि जीवांचे अवशेष कुठले? दगडात जी भोके दिसतात ती वायूच्या बुडबुड्यांचीच, पण तो वायू म्हणजे मुख्यतः पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड. जळणारे त्यात काही नव्हते. या खडकाला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, आणि भूवैज्ञानिक तेल अडवून धरणाऱ्या रचनेलाही ‘ट्रॅप’च म्हणतात. नावे सारखी म्हणून घोटाळा होतो. आपला ट्रॅप स्वीडिश भाषेतल्या पायऱ्यांच्या शब्दावरून आला आहे. मांजरसुंब्याच्या घाटातून डोंगरांकडे पाहिले की त्या पायऱ्या स्पष्ट दिसतात. तेलाचा ट्रॅप म्हणजे सापळा.

पण एक शंका उरते. दगड आपल्या जागी असू दे, त्या दगडाच्या खाली काय आहे? लाव्हा येण्याआधीच्या काळातला गाळ तिथे दबून राहिला असेल तर? हा प्रश्न मुळीच बाळबोध नाही. तेल शोधणाऱ्यांनी तो गंभीरपणे विचारला आहे. मराठवाड्यापुरते त्याचे उत्तर एका दुर्दैवी निमित्ताने मिळाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे शेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारीला भूकंप झाला आणि हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. भूकंपाचे कारण शोधण्यासाठी त्या परिसरात जे खोल वेध घेतले गेले, त्यांतला एक ६१७ मीटरपर्यंत गेला. वर ३३८ मीटर बेसॉल्ट. त्याखाली गाळाचा थर जेमतेम आठ मीटर. आणि मग अडीचशे कोटी वर्षांहून जुना, स्फटिकी, अतिप्राचीन खडक. तिकडे कोयनेच्या परिसरात भूकंपाच्याच अभ्यासासाठी घेतलेल्या वेधांत बेसॉल्ट काही ठिकाणी बाराशे मीटरहून जाड निघाला आणि त्याखाली गाळ लागलाच नाही, थेट जुना खडक लागला. उत्तरेकडे नर्मदा आणि तापीच्या पट्ट्यात बेसॉल्टखाली जाड गाळखडक असावेत असे भूभौतिक मोजण्या सुचवतात, तिथे आशेला जागा आहे. पण किल्लारीचे आठ मीटर म्हणजे तेलाच्या भाषेत काहीच नाही. तव्यावर भाकरीऐवजी पिठाची नुसती धूळ.

आणि गंमत पाहा, हाच बेसॉल्ट पश्चिमेला समुद्राखाली उतरत जातो, आणि तिथे त्याचे नशीब पालटते. तिथे लाव्हा थंड झाल्यानंतरच्या कोट्यवधी वर्षांत त्याच्या पाठीवर समुद्राचा गाळ साचत गेला. काळी चिकणमाती, कोळशाचे पापुद्रे, मग चुनखडक. खालच्या थरांत तेल शिजले आणि वरच्या चुनखडकात येऊन साठले. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, ‘सागर सम्राट’ या मंचावरून खोदलेल्या विहिरीत फेब्रुवारी १९७४ मध्ये ते सापडले, आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेच ‘बॉम्बे हाय’, आजचे मुंबई हाय. बीडला बेसॉल्ट उघडा पडलेला आहे, त्याच्या डोक्यावर काही साचलेच नाही. मुंबईच्या समुद्रात तो भांड्याचा तळ झाला.

या मुंबई हायच्या तेलाचाही एक स्वभाव आहे. ते हलके आहे, गंधक कमी, आणि मेणाचा अंश बराच. समुद्रातळाच्या नळातून वाहताना ते थंड होऊन घट्ट होऊ नये याची काळजी घ्यावी लागते. हलके असल्यामुळे त्यातून पेट्रोल-रॉकेल चांगले निघते, पण डांबर फारसे निघत नाही. आपल्याकडचे बरेचसे डांबर आखाती देशांतून आणलेल्या जड तेलाच्या गाळापासून होते. म्हणजे बीड ते अहिल्यानगर रस्त्याला खड्डा पडला तर त्यात भरायची खडी जिल्ह्यातली आणि डांबर समुद्रापलीकडचे. तेही उन्हाळ्यात पुरते टिकत नाही. सर्वसाधारण रस्त्यासाठी वापरायचे डांबर सत्तेचाळीस-पन्नास अंशांना मऊ पडू लागते, आणि मे महिन्यात दुपारी काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग त्याहून बराच तापतो. उसाच्या ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर जे चर पडतात त्यात ठेकेदाराचा दोष असतोच, थोडा तापमानाचाही असतो.

रॉकेलबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण दोन-तीन पिढ्यांचा संसार त्याच्यावर झाला. कंदील, चिमणी, बत्ती, पंपाचा स्टोव्ह, वातीचा स्टोव्ह, रेशनच्या दुकानासमोरची डब्यांची रांग. रेशनचे रॉकेल निळे असे. ते डिझेलमध्ये मिसळून विकले तर ओळखू यावे म्हणून रंग घातलेला. आता ते जवळजवळ दिसेनासे झाले आहे. नऊ ते सोळा कार्बनांच्या साखळ्यांचा हा द्रव पेट्रोलसारखा आपणहून भडकत नाही, म्हणून तो घरात ठेवण्यालायक मानला गेला. ही सुरक्षितता मोजण्याची एक रीत आहे: द्रव हळूहळू तापवायचा आणि किती अंशांना त्याची वाफ ठिणगीने क्षणभर पेटते ते पाहायचे. भारतीय मानकाप्रमाणे रॉकेलसाठी ही मर्यादा किमान पस्तीस अंशांची आहे. इंग्लंडच्या थंड घरात ती निर्धास्त. पण बीडच्या पत्र्याच्या घरात मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर असतो. म्हणजे डब्यातल्या रॉकेलवर पेट घेण्याजोगी वाफ स्टोव्ह पेटवण्याआधीच साचलेली असू शकते. गरम स्टोव्हमध्ये रॉकेल ओतू नये, हे आपल्या आया-आज्या सांगत असत, त्यामागे हे गणित होते.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ अशी चार ओळींची बातमी सारखी येई. भडके खरोखर उडत होते. पण भडका नेमका सुनेच्याच हातून का उडतो, सासूच्या हातून का नाही, हा प्रश्न स्त्री-संघटनांनी विचारला तेव्हा त्यातल्या अनेक भडक्यांमागचा हुंडा बाहेर आला. १९८३ मध्ये दंड संहितेत ४९८ अ कलम आले ते या पार्श्वभूमीवर. रॉकेलच्या माथी दोष मारणे सोपे होते, कारण त्याचा तसा लौकिक होताच.

टाकीतला गॅस मुंबईत १९५०च्या दशकात ‘बर्शेन’ या नावाने आला. मराठवाड्याच्या खेड्यात तो पोचायला पुष्कळ वर्षे लागली. मुंबई हायच्या तेलाबरोबर येणारा वायू उरणला आणून त्यातून प्रोपेन-ब्युटेन वेगळे काढले जातात. इथेन-प्रोपेनचा एक प्रवाह नागोठण्याला जाऊन त्याचे प्लास्टिक होते. उरलेला मिथेन खत कारखान्यांना आणि शहरांतल्या नळांना जातो. तरीही देशाला लागणाऱ्या टाकीतल्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक आजही आयात होतो, मुख्यतः आखातातून. या गॅसचे मर्म एका गोष्टीत आहे. प्रोपेन आणि ब्युटेन साध्या तापमानाला वायू असले तरी थोड्या दाबाने, हवेच्या दाबाच्या पाच-दहा पटीने, त्यांचा द्रव होतो. द्रव झाला की आकार अडीचशे पटीने आवळतो. म्हणून सव्वाचौदा किलो गॅस एका माणसाला खांद्यावर नेता येतो. चावी उघडली की दाब उतरतो आणि द्रवाचा पुन्हा वायू होतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मरकॅप्टन मिसळतात. मुळात त्याला वास नाही. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. खिडकी उघडून भागत नाही, दार उघडावे लागते.

मिथेनचे तसे नाही. तो हवेपेक्षा हलका, आणि उणे ८२ अंशांच्या वर कितीही दाबला तरी द्रव होत नाही. टाकीत भरायचा तर दोनशे पट दाबाची जाड पोलादी टाकी हवी, नाहीतर उणे १६२ अंशांचे थंडगार जहाज. हा त्याचा हट्ट लक्षात ठेवा, कारण बीड जिल्ह्याच्या हाती असलेले स्वतःचे म्हणावे असे एकमेव इंधनी हायड्रोकार्बन म्हणजे मिथेन.

तो भूगर्भातला नव्हे, गोठ्यातला. हवा बंद केली की शेण, पालापाचोळा, चिखल कुजताना जिवाणू मिथेन सोडतात. तळ्याच्या काठच्या गाळात काठी खुपसली की बुडबुडे येतात ते त्याचेच. इटलीत अलेस्सांद्रो व्होल्टाने १७७६ मध्ये सरोवरातले असेच बुडबुडे गोळा करून पेटवून पाहिले होते. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मैल्यापासून गॅस करून दिवे लावले जात. पुढे १९५०च्या दशकात जशभाई पटेलांनी तरंगत्या पिंपाचा गोबरगॅस बसवला, खादी ग्रामोद्योग आयोगाने तो उचलला, आणि घरगुती गोबरगॅसच्या संख्येत महाराष्ट्र देशात आघाडीवर राहिला. यातला मिथेन निम्म्याहून थोडा अधिक, बाकी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. बीडचे हवामान याला फार चांगले. जिवाणूंना पस्तीस अंशांची ऊब आवडते.

मग बीडमध्ये घरोघर गोबरगॅस का नाही? पाच-सहा माणसांच्या घराला पुरेल अशा दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नास किलो शेण आणि तेवढेच पाणी लागते. म्हणजे चार-पाच जनावरे आणि रोजच्या तीन-चार घागरी, त्याही पिण्याच्या पाण्याव्यतिरिक्त. २०१२-१३, २०१५-१६, २०१८-१९ या दुष्काळांत ज्या गावांना टँकरने पाणी मिळत होते, तिथे शेणात कालवायला घागर कोण देणार? २०१३ मध्ये पाण्याअभावी परळीचे अख्खे वीज केंद्र बंद ठेवावे लागले होते, तिथे गोबरगॅसची काय कथा. गुरे चारा छावणीत गेली की शेणही छावणीत गेले. आणि समजा पाऊस चांगला झाला, तरी दुसरी अडचण आहेच. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बैलगाडीवाला बैलही घेऊन जातो. मागे उरतात म्हातारी माणसे आणि एखादी शेळी. गोबरगॅसचा खड्डा चार-पाच महिने उपाशी राहिला की त्यातले जिवाणू मरगळतात, शेण वाळून कवच धरते. परत आल्यावर ते पुन्हा चालू करायचे म्हणजे पहिल्यापासून सुरुवात. कितीतरी संयंत्रे अशीच बंद पडली आणि त्यांच्या पिंपांना गंज चढला. शेतकऱ्याला आस्था नाही असे कार्यालयात बसून म्हणणे सोपे आहे. मिथेन बरोबर नेता येत नाही, आणि इथल्या माणसाला अर्धे वर्ष घर सोडून जगावे लागते, हे खरे कारण आहे.

बरोबर नेता येतो तो टाकीतला गॅस. त्याचा स्वभाव प्रवासाला अनुकूल आहे. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर गावोगावी टाक्या आल्या, बायकांच्या नावावर आल्या, ही चांगली गोष्ट झाली. २०२१ मध्ये योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरितांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वतःचे लेखी निवेदन चालेल अशी सवलत मिळाली. पाच किलोची छोटी टाकीही बाजारात आहे. पण गावची टाकी गावात कुलूपबंद राहते, तिकडे फडावर नवी भरायची तर रोख पैसे लागतात, आणि फडावर पाचट फुकट मिळते. पहाटे चारला उठून भाकरी थापायची असते तेव्हा हिशेब फुकटाच्या बाजूने झुकतो. प्लास्टिकच्या कागदाची कोपी, आत तीन दगडांची चूल, आणि धूर. हा कागदही हायड्रोकार्बन, इथिलीनचे रेणू साखळीत जोडून केलेला. आणि धुरात जे काजळीला चिकटलेले असते, त्यात बेंझीनची चार-चार, पाच-पाच कडी जोडलेले रेणू असतात. त्यांतल्या बेंझोपायरीनसारख्या काहींनी कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे. डांबराच्या गोळीचीच ही मोठी भावंडे. टाकीतला प्रोपेन निळ्या ज्योतीने पुरता जळतो, म्हणून ती तिथे जन्मत नाहीत. ओल्या पाचटाला पुरेशी हवा मिळत नाही, म्हणून इथे जन्मतात. फडावरच्या बाईने आयुष्यभरात किती धूर गिळला याची नोंद कुठल्याही कारखान्याच्या वहीत नसते. टनांची नोंद मात्र काटेकोर असते.

मिथेनच्या बाबतीत अलीकडे आणखी एक गोष्ट घडते आहे. उसाचा रस गाळताना जो गाळ उरतो त्याला कारखान्यात प्रेसमड म्हणतात. २०१८ मध्ये केंद्राने ‘सतत’ ही योजना आणली आणि काही साखर कारखान्यांनी या प्रेसमडपासून गॅस करायला सुरुवात केली. शेणाच्या खड्ड्यातले जिवाणू आणि या भल्यामोठ्या टाक्यांतले जिवाणू एकाच जातकुळीचे, काम तेच. फरक पुढे आहे. इथे भांडवल आहे, म्हणून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढता येतो, पोलादी टाक्या घेता येतात, आणि जो मिथेन दाबाला दाद देत नाही त्याला दोनशे-अडीचशे पट दाबून पंपावर नेता येते. तो मोटारींत जळतो. ज्या उसाच्या गाळातून तो निघाला, तो ऊस तोडून गव्हाणीपर्यंत पोचवणारी जोडी संध्याकाळी कोपीवर परत येते तेव्हा चुलीत पाचट असते. पाऊस झाला असेल तर तेही ओले.